नाळेवरचा आळ

आपल्या हैदराबादकर मराठी मंडळींच्या कोणत्याही समारंभाला जावे, अध्यक्षीय भाषणात एक वाक्य हटकून येते : "आपली मातीशी असलेली नाळ तुटता कामा नये." टाळ्याही पडतात. आमच्या आजोबांच्या पिढीत मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होते. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा तिकडे गेला आणि काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी येथील आमची घरे इथेच राहिली. त्यामुळे हे वाक्य आपल्याला जिव्हाळ्याचे वाटावे, यात नवल नाही. मात्र ते कानी पडले की माझ्या मनात दरवेळी एक खट्याळ विचार डोकावतो. या सभागृहात बसलेले आपल्यापैकी काही जण, आणि त्यांत मीही आले, दिवसभर प्रसूतिगृहात खरीखुरी नाळ हाताळत असतात. पण तिथे तिच्याशी आपले वागणे काही फारसे जिव्हाळ्याचे नसते. तिच्यावर आपण संशय घेतो, तिचे नाव घेऊन आईबापांना घाबरवतो आणि बाळ बाहेर येताच घाईघाईने तिचा निकाल लावून मोकळे होतो.

स्मरणिकेच्या संपादकांनी "आपल्या अनुभवातले काही लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा या मुक्या आरोपीची बाजू मांडावी असे मला वाटले. चार दशके प्रसूतिशास्त्रात घालवल्यावर एवढा अधिकार मला असावा. लेखात टीका आहे, पण तिचा रोख प्रथम माझ्याकडेच आहे, हे सुरुवातीलाच सांगते.

डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी थोडी ओळख करून देते. नाळ साधारण ५० ते ६० सेंटिमीटर लांब असते. तिच्यात तीन रक्तवाहिन्या असतात. वारेकडून प्राणवायू आणि पोषण घेऊन येणारी एक नीला, आणि बाळाकडून परतीचे रक्त नेणाऱ्या दोन रोहिणी. या तिघींना सभोवार एका घट्ट, बुळबुळीत गराचे अस्तर असते. थॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने १६५६ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला 'व्हार्टन्स जेली' म्हणतात. वाहिन्या दोरीच्या पिळासारख्या गुंफलेल्या असतात. म्हणजे नाळ ओढली, वाकली, थोडी दाबली गेली तरी रक्तप्रवाह चालू राहावा, अशी निसर्गानेच केलेली ही तजवीज आहे.

आता या नाळेवरचा सर्वांत मोठा आळ पाहू : "बाळाच्या गळ्याला नाळेचा फास बसला." वाक्य इतके परिचयाचे आहे की त्यातील चूक कुणाला खटकत नाही. फास लागतो तो श्वासनलिकेतून श्वास घेणाऱ्याला. गर्भातले बाळ नाकातोंडाने श्वास घेतच नाही. त्याला मिळणारा प्राणवायू सगळा नाळेतूनच येतो. त्यामुळे वेढा गळ्याभोवती असो, हाताभोवती असो वा पायाभोवती, प्रश्न मुख्यतः एकच असतो : नाळेतील वाहिन्या दाबल्या जात आहेत काय? त्याचे उत्तर वेढ्याच्या चित्रात मिळत नाही. ते बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांत मिळते.

आणि वेढा ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. जन्माच्या वेळी सुमारे शंभरातील २० ते ३० बाळांच्या गळ्याभोवती नाळ असते. गर्भजलात बाळ कोलांट्या मारते, वेढा पडतो, सुटतो, पुन्हा पडतो. त्यातली बहुतेक बाळे ठणठणीत जन्माला येतात. केवळ सोनोग्राफीत वेढा दिसला, एवढ्या कारणासाठी सिझेरियन करावे असे शास्त्र सांगत नाही. वेढे अनेक असतील, घट्ट असतील, तर कळांच्या वेळी ठोके घसरू शकतात. ते वारंवार घसरत असतील, सावरत नसतील, तर शस्त्रक्रिया जरूर करावी आणि वेळ न दवडता करावी. पण तिथेही शस्त्रक्रियेचे कारण ठोके हेच असते. वेढा दिसला हे नव्हे.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका मराठी घरातली मुलगी छत्तिसाव्या आठवड्यात तपासणीला आली. सासर तेलुगू. सोनोग्राफीच्या अहवालात शेवटच्या ओळीत लिहिले होते, 'गळ्याभोवती नाळेचा एक वेढा.' बरोबर तिची आई, सासू आणि भाऊ असे तिघे जण होते. आईने बसायच्या आतच विचारले, "डॉक्टरबाई, गळ्याला फास बसलाय म्हणतात. आता कशाची वाट पाहायची? उद्याच काढून टाका ना बाळ." सासूबाईंची चिंता निराळी होती. नाळेचा 'पेगु' गळ्यात घेऊन जन्मलेले मूल मेनमामाला, म्हणजे मामाला, वाईट असते अशी तेलुगू घरांतली जुनी समजूत. असे मूल मामाने एकदम पाहायचे नाही, आधी तेलाच्या वाटीत पडलेले त्याच्या तोंडाचे प्रतिबिंब पाहायचे. आपल्या मराठी घरांतूनही मी ही समजूत ऐकली आहे. भाऊ बिचारा कोपऱ्यात अवघडून उभा होता.

मी त्यांना अर्धा तास समजावले. चित्र काढून दाखवले, ठोके ऐकवले, बाळाच्या हालचाली कशा मोजायच्या ते सांगितले. चाळिसाव्या आठवड्यात मुलगी नैसर्गिकरीत्या बाळंत झाली. बाळाच्या गळ्याला एक नव्हे, दोन वेढे निघाले. बोटाने ते डोक्यावरून सरकवले, बाळाने टाहो फोडला. बाहेर मामा तेलाची वाटी घेऊन उभाच होता. मी त्याला अडवले नाही. त्या वाटीने कुणाचे काही बिघडत नव्हते. उलट मला त्या क्षणी वाटले, की तेलातले प्रतिबिंब पाहून निर्धास्त होणारा हा मामा, आणि सोनोग्राफीच्या पडद्यावरचा रंगीत वेढा पाहून पोट उघडायला सांगणारे आपण, यांत अधिक भोळे कोण?

हा प्रसंग लिहून मी थांबले, तर लेख आत्मप्रौढीचा होईल. म्हणून दुसरा प्रसंग सांगते. तो सांगायला मला बरीच वर्षे लागली.

माझे स्वतःचे छोटे प्रसूतिगृह नुकतेच सुरू झाले होते. चोवीस वर्षांची पहिलटकरीण सकाळपासून कळा देत होती. प्रगती संथ होती, पण होती. ठोके उत्तम होते. रात्रीचे आठ वाजले. मी आदल्या रात्री झोपले नव्हते. भूलतज्ज्ञ दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी आलेले होते आणि निघण्याच्या बेतात होते. तिच्या नवऱ्याने तिसऱ्यांदा विचारले, "अजून किती वेळ?" मी म्हटले, "बाळाच्या गळ्याला नाळ आहे. धोका पत्करायला नको." त्याने हात जोडले आणि कागदावर सही केली. शस्त्रक्रियेत वेढा निघाला, तो इतका सैल होता की एका बोटाने सुटला. मी नोंदवहीत कारण लिहिले : नाळेचा वेढा. लिहिलेले खोटे नव्हते, वेढा होताच. पण ते कारण नव्हते. खरे कारण माझा थकवा होता, भूलतज्ज्ञांची सोय होती आणि त्या कुटुंबाची उतावीळ होती. यांपैकी काहीच नोंदवहीत लिहिता येत नाही. नाळेचे मात्र लिहिता येते, कारण ती उलटून बोलत नाही.

तीन वर्षांनी ती दुसऱ्या खेपेला आली. यावेळी वार गर्भाशयाच्या खालच्या भागात, आधीच्या शस्त्रक्रियेच्या व्रणावरच रुजली होती आणि व्रणात खोल शिरली होती. सिझेरियनची संख्या वाढते तसा हा प्रकार वाढतो, हे आपण सर्वच जाणतो. रक्तस्राव थांबेना. मोठ्या रुग्णालयात हलवून गर्भाशय काढून टाकावे लागले, तेव्हा ती वाचली. बरी झाल्यावर पेढे घेऊन आली आणि मला म्हणाली, "डॉक्टरबाई, पहिल्या खेपेला तुम्ही वेळेवर ऑपरेशन केलंत म्हणून माझा मुलगा वाचला. गळ्याला फास होता ना त्याच्या!" मी काहीही बोलले नाही. तिची ती कृतज्ञता मी आजवर सांभाळते आहे, परत करण्याचे धैर्य मला झालेले नाही.

हा एकट्या माझा दोष असता तर स्मरणिकेची पाने अडवली नसती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, तेलंगणातील १०० पैकी ६०.७ प्रसूती सिझेरियनने झाल्याचे आढळले. त्याच फेरीत देशाची सरासरी २१.५ होती आणि महाराष्ट्राची २५.४. तेलंगणातील खासगी रुग्णालयांपुरते पाहिले तर आकडा ८१.५ वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये स्पष्ट म्हटले होते, की लोकसंख्येच्या पातळीवर सिझेरियनचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्यावर माता व नवजात बालकांचे मृत्यू आणखी घटत असल्याचे दिसत नाही. या साऱ्या शस्त्रक्रिया नाळेच्या नावावर होतात असे मी म्हणत नाही. मुहूर्त आहेत, कळांची भीती आहे, आधीचे सिझेरियन आहे, आपल्या सोयीही आहेत. पण एक साधा प्रश्न विचारते. सोलापूरच्या बाळाच्या नाळेत आणि सीमेपलीकडच्या जहीराबादच्या बाळाच्या नाळेत काय फरक असणार? वेढे राज्याची हद्द पाहून पडत नाहीत. मग जे बदलते ते आपल्या टेबलाच्या या बाजूला बदलते, हे मान्य करायला हवे.

निर्दोषावर आळ घेतला की खरा धोका नजरेआड होतो. याचा एक जुना धडा तर याच शहराने वैद्यकाच्या इतिहासाला दिला आहे. १८८८ आणि १८८९ मध्ये सहाव्या निजामांच्या आश्रयाने येथे दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. डॉ. एडवर्ड लॉरी यांचा ठाम विश्वास होता की क्लोरोफॉर्म देताना फक्त श्वासावर लक्ष ठेवावे, हृदयाला त्यापासून थेट भय नाही. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि आयोगाने तोच निष्कर्ष काढला. याच काळात येथील वैद्यकीय शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी पुढे जगातील आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून नावाजल्या, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. पण आयोगाचा निष्कर्ष चुकला होता. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्मच्या प्रभावाखाली हृदयाची लय अकस्मात बिघडून मृत्यू येऊ शकतो. सर्वांची नजर श्वासावर खिळली होती आणि घात हृदयात होत होता. हेतू प्रामाणिक होता, मेहनत अफाट होती, आरोपी मात्र चुकीचा धरला गेला.

नाळेच्या बाबतीत आपण तीच चूक करतो आहोत. तिचा खरा धोका गळ्यातल्या वेढ्यात नसून अन्यत्र आहे, आणि त्याच्यासाठी आपण पुरेसे सज्ज नाही.

त्या धोक्याशी माझी पहिली भेट हाऊस सर्जन असताना, एका सरकारी प्रसूती रुग्णालयात झाली. दुसरटकरीण होती. बाळाचे डोके अजून वरच, ओटीपोटात उतरलेले नव्हते. रात्र मोठी होती, खाटा कमी होत्या. कळांना जोर यावा म्हणून मी पाणमोट फोडली. गर्भजलाच्या लोंढ्याबरोबर नाळेचे वेटोळे बाहेर आले. क्षणभर मला काही सुचेना. शेजारी उभी असलेली वृद्ध आया, जिला आम्ही सारे खाला म्हणत असू, ओरडली, "हाथ अंदर रखो डाक्टरम्मा! सर को ऊपर उठाओ! हाथ नक्को निकालो!" मी दोन बोटांनी बाळाचे डोके वर ढकलून धरले, म्हणजे डोक्याच्या दाबाखालून नाळ मोकळी राहावी. माझ्या बोटांना नाळेतले ठोके लागत होते. खालाने बाईचे कंबर उशांनी उंच केले, बाहेर आलेल्या नाळेला कुणाला हात लावू दिला नाही. तसाच हात आत ठेवून मी ट्रॉलीबरोबर धावत शस्त्रक्रियागृहात गेले. बाळ निघेपर्यंत हात काढला नाही. बाळ उशिरा रडले, पण रडले. माझ्या बोटांना दुसऱ्या दिवशीपर्यंत मुंग्या येत होत्या.

डोके वर असताना पाणमोट फोडणे ही माझी चूक होती, आणि ती चूक निस्तरली एका निरक्षर बाईने. तिला कुणीतरी, कधीतरी, नीट शिकवले होते.

दुसरी घटना अलीकडची. एका लहान नर्सिंग होममध्ये असाच प्रसंग घडला. रात्रपाळीच्या परिचारिकेने डॉक्टरांना फोन केला. पलीकडून सांगण्यात आले, मोठ्या ठिकाणी पाठवा. तिला रिक्षात बसवले गेले. आडवेसुद्धा केले नाही. चादरघाटच्या पुलावर वाहने तुंबली होती. आमच्याकडे पोचली तेव्हा नाळ थंड पडली होती, ठोके नव्हते. मी त्या परिचारिकेला नंतर भेटले. पोरसवदा मुलगी, रडून डोळे सुजलेले. ती म्हणाली, "मॅडम, हात घालून डोके वर धरायचे असते, हे मला कुणी सांगितलेच नव्हते." त्याच नर्सिंग होममध्ये गळ्यातल्या वेढ्यासाठी सिझेरियने नियमित होत असत, हे तिनेच मला सांगितले.

नाळ बाळाच्या आधी बाहेर येणे, ज्याला आपण कॉर्ड प्रोलॅप्स म्हणतो, ते हजार प्रसूतींत एक ते सहा वेळा घडते. बाळ आडवे वा पायाळू असणे, अपुऱ्या दिवसांचे असणे, गर्भजल प्रमाणाबाहेर असणे, जुळ्यांतील दुसरे बाळ, वर राहिलेले डोके ही त्याची नेहमीची पार्श्वभूमी. उपाय महागडे नाहीत. मदतीसाठी हाक मारायची, डोके हाताने वर धरायचे, स्त्रीला गुडघे व छातीवर ओणवे करायचे किंवा डाव्या कुशीवर कंबर उंच करून निजवायचे, नाळ फार हाताळायची नाही. रुग्णालयात पोचायला वेळ लागणार असेल तर मूत्राशयात कॅथेटरवाटे ५०० ते ७५० मिलिलिटर सलाइन भरून नळी बंद करायची. फुगलेले मूत्राशयच डोके वर उचलून धरते. ही युक्ती १९७० पासून ज्ञात आहे. एक कॅथेटर, एक सलाइनची बाटली आणि शिकवलेली एक परिचारिका, एवढ्याने बाळ वाचू शकते. ज्या वेढ्याला आपण भितो तो शंभरात वीस-तीस बाळांना असतो आणि बहुधा निरुपद्रवी असतो. ज्याला भ्यायला हवे ते हजारात एखाद-दुसऱ्याला गाठते, आणि तिथे मिनिटांचा हिशेब असतो.

आणखी एक धोका असाच दुर्लक्षित आहे. क्वचित नाळ वारेत न रुजता पडद्यांवर रुजते आणि तिच्या उघड्या वाहिन्या बाळाच्या वाटेवर आडव्या येतात. त्याला वासा प्रीव्हिया म्हणतात. पाणमोट फुटताच त्या वाहिन्या फाटतात आणि रक्त जाते ते बाळाचे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५५ गरोदरपणांच्या एका अभ्यासात, निदान आधीच झाले तेव्हा ९७ टक्के बाळे वाचली; न झाले तेव्हा ४४ टक्केच. निदान होते ते सोनोग्राफीतच. म्हणून माझ्या सोनोग्राफी करणाऱ्या स्नेह्यांना विनंती आहे, की गळ्यातला वेढा शोधण्यात जातो तो वेळ पाचव्या महिन्याच्या तपासणीत नाळ वारेला कुठे जोडली आहे हे पाहण्यात जावा. तिथे सिझेरियन खरोखर जीव वाचवते.

नाळेशी होणारा तिसरा अन्याय घाईचा. आमच्या शिक्षणाच्या काळात बाळ बाहेर आले की चिमटा आणि कात्री तयारच असे. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, की बाळाला तातडीच्या कृत्रिम श्वासाची गरज नसेल तर नाळ एक मिनिटाच्या आत बांधू नये. एक ते तीन मिनिटे थांबावे. तेवढ्या अवधीत वारेतील सुमारे ८० ते १०० मिलिलिटर रक्त बाळाला मिळते, आणि त्यातील लोह त्याला पुढील काही महिने पुरते. तेलंगणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरातील ७० बालकांत रक्तक्षय असल्याचे वरच्याच सर्वेक्षणात आढळले आहे. त्याची कारणे अनेक आहेत. पण फुकट मिळणारे लोह पहिल्याच मिनिटाला बादलीत टाकण्याचे कारण काय? वेढा असलेल्या बाळाची नाळ खांदे बाहेर येण्याआधीच कापून टाकण्याची जुनी सवय तर अधिक घातक. खांदे अडकले, तर त्या बाळाचा एकमेव आधार आपणच तोडलेला असतो. वेढा सरकवता येतो. न सरकल्यास बाळाचे डोके आईच्या मांडीजवळ धरून, कोलांटी दिल्यासारखे बाळ बाहेर घेता येते आणि मग वेढा उलगडता येतो.

यावर माझे तरुण सहकारी जे म्हणतील ते मला ठाऊक आहे. "मॅडम, तुमचे दिवस वेगळे होते. आज वेढा दिसूनही थांबलो आणि काही झाले, तर न्यायालयात आम्ही काय सांगायचे?" १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय दिला, तेव्हापासून ही भीती आपल्या मानेवर बसली आहे आणि ती खोटी नाही. दगडफेकीत फुटलेल्या काचा मीही झाडल्या आहेत. पण भीतीवरचा इलाज म्हणजे नोंदी. ठोके दर पंधरा मिनिटांनी ऐकले, डोके खाली उतरताना दर पाच मिनिटांनी ऐकले, आणि तसे लिहिले, तर तो कागद आपल्या बाजूने बोलतो. 'वेढा' या एका शब्दावर केलेली शस्त्रक्रिया बिघडली, तर आपल्या बाजूने बोलणारे काहीही नसते.

आणि एक बाजू अधिक दुःखाची. बाळ मृतावस्थेत जन्मते, गळ्याला वेढा दिसतो, आणि आपण सांगतो, "नाळेने गळा आवळला." आई मान्य करते, दैवाचा घाला म्हणून तपास तिथेच थांबतो. पण वेढा तर शंभरातल्या वीस-तीस जिवंत बाळांनाही होता! तिचा रक्तदाब, तिची साखर, बाळाची खुंटलेली वाढ, वारेची स्थिती हे कुणी पाहत नाही, आणि ती पुढच्या गरोदरपणात त्याच अंधारात पाऊल टाकते. काही बाळे नाळेमुळे खरोखरच जातात, हे मला नाकारायचे नाही. पण इतर शक्यता तपासल्याशिवाय नाळेचे नाव घेणे म्हणजे आईला उत्तर देणे नव्हे. तिचा प्रश्न बंद करणे होय.

मग करायचे काय? मोठ्या सुधारणा सरकार करीतच असते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये प्रसूतिकक्षांच्या गुणवत्तेसाठी 'लक्ष्य' कार्यक्रम सुरू केला, २०१८ मध्ये सुईणविद्येच्या शिक्षणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. परिचारिकांना प्रसूतिविद्येत तरबेज करण्यात आपले तेलंगण राज्य अग्रेसर राहिले आहे. माझ्या सूचना त्या मानाने अगदी घरगुती आहेत. आपल्या संस्थेच्या सभासदांनी चार गोष्टी ठरवाव्यात. पहिली, केवळ वेढ्यासाठी सिझेरियन करणार नाही, आणि नोंदवहीत खरे कारण लिहू, मग ते 'रुग्णाच्या आग्रहास्तव' असले तरी. दुसरी, वेढ्याचा उल्लेख अहवालात आलाच, तर त्याच दिवशी आईबापांना त्याचा अर्थ सांगितल्याशिवाय घरी पाठवणार नाही. तिसरी, बाळ रडत असेल तर घड्याळाकडे पाहून किमान एक मिनिट थांबू. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, आपल्या प्रत्येक प्रसूतिगृहात वर्षातून दोनदा, आयांपासून डॉक्टरांपर्यंत सर्वांना घेऊन, नाळ बाहेर आल्यावर काय करायचे याची प्रत्यक्ष तालीम करू.

ही तालीम पुढील मासिक सभेत मीच घेईन. बाहुली, कॅथेटर आणि सलाइनची बाटली घेऊन येईन. चहापूर्वीची वीस मिनिटे मला द्यावीत. आपापल्या प्रसूतिगृहातील एक परिचारिका आणि एक आया मात्र बरोबर आणावी. मला शिकवणारी खाला आज हयात नाही, तिचे देणे मला त्यांच्यापाशी फेडायचे आहे. आणि त्या सभेत अध्यक्षमहाराजांनी नेहमीप्रमाणे नाळ न तोडण्याचे आवाहन केलेच, तर सर्वांत जोरात टाळ्या मी वाजवीन.